लेकीला हॉस्पिसमध्ये जायचंय, तिथं कसलं करिअर?

पाचोऱ्याच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी. जळगावच्या खासगी रुग्णालयात आयसीयूत ५ वर्षं झाली. आता ती हॉस्पिसमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटची अखेरपर्यंत काळजी घेणाऱ्या केंद्रात जाऊन तिथली क्वालिटी, म्हणजे सेवेचा दर्जा सांभाळायची म्हणते. वडील विचारतात, "जो पेशंट बरा होणारच नाही, त्याच्या सेवेत क्वालिटी काय मोजणार?"

नमस्कार भाऊसाहेब,

मोजण्यासारखं खूप आहे. दुखणं किती तासांत आटोक्यात आलं, पडून पडून पाठीला जखम झाली का, रात्री दोनला घरच्यांनी फोन केला तर कुणी उचलला का. पण लेकीला आधी किमान दोन वर्षं हॉस्पिसमधल्या पेशंटच्या उशाशी काढू द्या. थेट क्वालिटीच्या टेबलावर बसलेली नर्स फाइल तपासते, पेशंट तिला दिसत नाही.

एक उदाहरण देतो. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक १० मिलिग्रॅम दर चार तासांनी, म्हणजे दिवसाला ६० मिलिग्रॅम. मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस त्याच्या सहाव्या हिश्शाचा, म्हणजे १०. मॉर्फिनने पोट हमखास बांधतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवशी सुरू करायचं. ते राहिलं, त्यात आपल्याकडचा मे महिना आणि पाणी कमी, की पाच-सहा दिवस शौचाला होत नाही. घरचे घाबरून मॉर्फिनच बंद करतात. दुखणं परत येतं आणि फाइलवर मात्र 'मॉर्फिन चालू'. क्वालिटीचं काम इथून सुरू होतं. ३० फाइली काढायच्या, पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवशी किती जणांना लिहिलं ते मोजायचं, न लिहिण्याचं कारण शोधायचं, एकच बदल करायचा आणि महिन्याने परत मोजायचं.

दुखणं विचारणंही शिकावं लागतं. शून्य ते दहाची पट्टी शाळा न पाहिलेल्या आजीबाईला कळत नाही. "कितलं दुखस? रुपयात किती आणे?" असं विचारलं की 'बारा आणे' असं नेमकं उत्तर मिळू शकतं.

आकड्यांत सगळ्यात जास्त चूक होते ती नुसत्या संख्येची. महिन्यात ३ जणांना पाठीला जखम झाली आणि खाटा रोज १० भरलेल्या होत्या, तर १० खाटा गुणिले ३० दिवस, म्हणजे ३०० रुग्णदिवस. दर हजार रुग्णदिवसांमागे प्रमाण १०. पुढच्या महिन्यात जखमा ३च, पण खाटा ५ भरलेल्या, तर प्रमाण थेट २०. आणि नर्स खरं नोंदवायला लागल्या की आकडा आधी वाढतो. त्या वेळी व्यवस्थापनाने नर्सला झापलं तर पुढच्या महिन्यात जखमा लपतात. तिथं नर्सची बाजू घेऊन उभी राहील तीच खरी क्वालिटी प्रमुख.

शिक्षणाचं म्हणाल तर भारतीय पॅलिएटिव्ह केअर (दुखणं-त्रास कमी करणारी सेवा) संघटनेचा नर्सेससाठी सर्टिफिकेट कोर्स आधी करावा. वर्षभराचा ऑन्कॉलॉजी (कॅन्सर) नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा जमला तर उत्तमच. रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचची मानकं आणि एक्सेल काम करता करता शिकता येतात. सीपीएचक्यू ही आरोग्यसेवेतल्या क्वालिटीच्या प्रमाणपत्राची परीक्षा क्वालिटीत दोन-तीन वर्षं झाल्यावर. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण मात्र आत्ताच तपासा. ऐन अर्जाच्या वेळी तेच अडतं.

घर सोडावं लागेल, हे मनाशी धरा. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून. जवळच राहायचं असेल तर जिल्हा रुग्णालयांतल्या पॅलिएटिव्ह केअरच्या जागांवर लक्ष ठेवा. राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा आहे, पण जागा बहुधा कंत्राटी, ठरलेल्या मानधनाच्या.

पगार मोठ्या आयसीयूपेक्षा कमी असू शकतो आणि 'क्वालिटी मॅनेजर' अशी वेगळी जागा लहान हॉस्पिसमध्ये क्वचितच असते. मेट्रनच, म्हणजे मुख्य नर्सच, ते काम बघते. तरी हा अनुभव कॅन्सर रुग्णालयांच्या क्वालिटी विभागात चालतो, त्यामुळे परतीची वाट बंद होत नाही.

राजीनामा देण्याआधी तिला आत्ताच्याच आयसीयूत एक काम करायला सांगा: रीतसर परवानगी घेऊन ३० फाइली, आणि एकच प्रश्न, वेदनाशामक दिल्यावर तासाभरात दुखणं पुन्हा विचारून नोंदवलं का? पेशंटची नावं गाळून तो एक पानाचा तक्ता मुलाखतीला सोबत न्यावा.