अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष व्हायला राजकारणाचा अनुभव लागतो का?

नाही, अनुभवाची अट कायद्यात कुठेच नाही. अमेरिकी राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात पात्रतेच्या तीनच अटी आहेत: जन्मतः नागरिकत्व, किमान ३५ वर्षं वय आणि देशात १४ वर्षं वास्तव्य. बाकी सगळं मतदारांनी ठरवायचं. अनुभवाचा आग्रह धरणाऱ्यांनी जेम्स ब्युकॅनन जरूर आठवावेत. खासदार, सिनेटर, परराष्ट्रमंत्री, रशिया आणि ब्रिटनमधले दूत, एवढं सगळं करून ते १८५७ मध्ये अध्यक्ष झाले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दक्षिणेची सात राज्यं फुटून निघाली. पाठोपाठ आलेल्या लिंकन यांच्या गाठीशी देशपातळीवर प्रतिनिधिगृहातली (संसदेच्या कनिष्ठ सभागृहातली) जेमतेम दोन वर्षं होती. म्हणून मी पदांच्या यादीपेक्षा अडचणीच्या वेळी उमेदवाराने काय निर्णय घेतले ते आधी बघतो. अनुभव बिनकामाचा असतो असं मात्र नव्हे; १९५३ मध्ये अध्यक्ष झालेले आयझेनहॉवर त्याआधी एकही निवडणूक लढले नव्हते, पण दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या दोस्त फौजांचे सरसेनापती होते.