जूनमध्ये फुलं, ऑगस्टमध्ये काड्या

प्रश्न: ताई, आम्ही पुण्याहून रेडिंगला राहायला आलो. घरामागे छोटी बाग आहे, कुंपणाच्या कडेनं दोन फूट रुंद वाफा. एप्रिल-मेमध्ये ट्यूलिप, जूनमध्ये गुलाब. जुलै सरता सरता सगळा खेळ खलास. सासूबाई दर वर्षी ऑगस्टमध्ये येतात आणि त्यांना दाखवायला नुसत्या काड्या! इथल्या प्रसिद्ध बागा पाहून काही शिकता येईल का? कोणत्या पाहू आणि कधी? – एक वाचक, रेडिंग

उत्तर: सासूबाई काही जूनमध्ये येणार नाहीत. तेव्हा बागेलाच त्यांच्या तारखा पाळायला लावू.

इथे बागा पाहायची झुंबड उडते ती जूनमध्ये. हॅम्पशरमधल्या मॉटिसफाँटला तेव्हा जुन्या गुलाबांच्या भिंतींमधून चालताना पाय निघत नाही. पण गुलाबतज्ज्ञ ग्रॅहॅम स्टुअर्ट थॉमस यांनी तिथे जमवलेले बहुतेक जुन्या वाणांचे गुलाब वर्षातून एकदाच फुलतात. तुमच्या गुलाबाचं नाव शोधून काढा, तोही त्याच जातीचा असला तर कितीही खत घाला, ऑगस्टमध्ये कळी धरणार नाही. शिवाय जूनमध्ये तुमची बागही छानच असते की! आपली बाग ज्या महिन्यात रिकामी पडते, नेमक्या त्याच महिन्यात दुसऱ्यांच्या बागा पाहायच्या.

म्हणून माझा आग्रह ग्रेट डिक्स्टरचा, तोही ऑगस्टअखेरीस. ईस्ट ससेक्समधल्या नॉर्दियम गावची ही बाग. घर वाढवून दिलं एडविन लट्येन्स यांनी, नवी दिल्लीवाले तेच. त्यांनी आखलेल्या जागेतली गुलाबबाग पुढे घराचे मालक क्रिस्टोफर लॉइड यांनी नव्वदच्या दशकात चक्क उपटून टाकली आणि तिथे डेलिया, केळी आणि कर्दळ लावली. जाणकार मंडळी हळहळली. आपल्याकडे मोरीच्या पाण्यावर वाढणारी कर्दळ तिथे अशा थाटात उभी असते, की सासूबाईंनाही सोबत न्या, त्यांना आपलं माणूस भेटल्यासारखं वाटेल.

तिथे फुलांपेक्षा जमीन नीट पाहा. ती कुठेच उघडी दिसत नाही. वसंतात ट्यूलिप संपले की त्याच जागेवर पुढचं झाड वर येतं, आणि जे संपलं ते काढून मागे कुंड्यांत तयार ठेवलेली रोपं तिथे बसवतात. तुमच्या वाफ्यात ट्यूलिप गेल्यावर तिथे काय येतं? बहुधा काहीच नाही. आणि दोन फुटांत एकामागे एक झाडं मावतही नाहीत. हिरवळ कापा, वाफा चार-पाच फूट रुंद करा. नवऱ्याची क्रिकेटची जागा जाईल, जाऊ दे.

ऑगस्टसाठी भरवशाचा म्हणजे डेलिया. कंद मार्च-एप्रिलमध्ये घरात कुंडीत लावायचे आणि फ्रॉस्टची, म्हणजे रात्री गोठवणाऱ्या थंडीची, भीती सरली की, साधारण मेअखेर, बाहेर. फुलू लागला की कोमेजलेली फुलं काढत राहायची, नाहीतर झाड बी धरून थांबतं. इथे नवखे फसतात: झडलेलं फूल आणि नवी कळी एकसारखीच दिसतात. टोकदार असेल ते झडलेलं, गोल आणि घट्ट असेल ती कळी.

दुसरी युक्ती फुकट आहे. सेडम, फ्लॉक्स, हेलेनियम यांपैकी एखादं फुलझाड असेल तर मेच्या शेवटी, लंडनमध्ये चेल्सीचं पुष्पप्रदर्शन भरतं त्या सुमारास, अर्ध्या झुबक्याच्या फांद्या एक तृतीयांश छाटा. छाटलेला भाग उशिरा फुलतो, न छाटलेला वेळेवर, म्हणजे बहर लांबतो. इथले लोक याला ‘चेल्सी चॉप’ म्हणतात.

इतक्या लांब जायचं नसेल तर सरेमधली विझ्लीची बाग तुम्हाला जवळ. तिथल्या झाडांजवळ नावाच्या पाट्या असतात. फुलाचा फोटो काढाल तेव्हा पाटीचाही काढा, एरवी घरी आल्यावर ‘ते जांभळं कुठलं हो?’ एवढंच उरतं.

आणि रस्त्याकडेला पिवळी पाटी दिसली की गाडी थांबवा. नॅशनल गार्डन स्कीममध्ये लोक स्वतःच्या घरची बाग धर्मादाय कामासाठी खुली करतात. 1927 साली परिचारिकांच्या मदतीसाठी माणशी एक शिलिंग घेऊन हे सुरू झालं. बऱ्याचशा तुमच्याएवढ्याच बागा असतात, मालकीणबाई समोर असतात, आणि ‘ऑगस्टमध्ये इथे काय असतं?’ असं विचारलं की अर्धा तास सोडत नाहीत. केक घरचा असतो, तो घ्याच.

केंटमधल्या सिसिंगहर्स्टची प्रसिद्ध पांढरी बाग? पाहा, जुलैच्या सुरुवातीला, मधल्या मांडवावर पांढरा गुलाब फुलतो तेव्हा. मात्र ती हौस म्हणून. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे नाही.

प्रश्न: दसऱ्याला दारावर घरच्या झेंडूचं तोरण लावायचंय. दुकानातून आणलेली रोपं सप्टेंबरपर्यंत दमून जातात. काय करू? – एक वाचक, लेस्टर

उत्तर: दुकानात मिळतो तो बहुतेक वेळा बुटका फ्रेंच झेंडू, तोरणाला त्याची फुलं फारच बारीक. बियांच्या पाकिटावर ‘आफ्रिकन’ पाहून घ्या, मूळ जरी मेक्सिकोचं असलं तरी. पेरणी मार्चमध्ये नको, मेच्या उत्तरार्धात खिडकीत करा. जूनमध्ये रोपं बाहेर लावा आणि वीतभर झाली की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतील. पहिले काही आठवडे रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचा, झेंडूचं कोवळं रोप त्या एका रात्रीत फस्त करतात. मोठ्या फुलांत पावसाचं पाणी साचून ती कुजतात, तेव्हा भिंतीच्या आडोशाची उन्हाची जागा द्या. दसरा ऑक्टोबरच्या मध्यानंतर असला तर हवामानाच्या बातम्यांवर लक्ष ठेवा. रात्री फ्रॉस्टचा इशारा आला, की संध्याकाळीच सगळी फुलं खुडून फ्रिजमध्ये ठेवायची.