सामान्य वापरकर्ते विंडोज सोडून मॅक किंवा लिनक्सकडे का वळतात?

दुसरीकडचं चांगलं दिसलं म्हणून फार थोडे लोक बदलतात. बहुतेकांचं आधी जुन्या मशीनवर अडतं, मग ते पर्याय शोधतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१६ चा, अजून ठणठणीत असलेला लॅपटॉपही अधिकृतपणे अपग्रेड होत नाही. नवा घ्यायचाच तर मॅक का नको, किंवा याच लॅपटॉपवर लिनक्स मिंट (लिनक्सची एक मोफत, सोपी आवृत्ती) का नको, हा विचार इथे सुरू होतो. हातात आयफोन असेल तर पारडं मॅककडे झुकतं. शिवाय मेल, बँक, कागदपत्रं असं बरंचसं काम आता ब्राउझरमध्येच होत असल्याने बदल पूर्वीइतका जड जात नाही.

अडतं ते एखाद्याच प्रोग्रामपाशी, आणि ते लोक आधी तपासत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस मॅकवर नाही. एक्सेल आहे, पण त्यात पॉवर पिव्हट (मोठ्या डेटाच्या विश्लेषणाची सोय) नाही आणि शीटमधली ॲक्टिव्हएक्सची, म्हणजे फक्त विंडोजवर चालणाऱ्या तंत्राची, बटणं चालत नाहीत. ॲपलच्या एम१ आणि पुढच्या चिपच्या मॅकवर बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर थेट विंडोज टाकण्याची सोयही नाही. पॅरलल्समध्ये (मॅकच्या आत विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) एआरएमवरचं, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठीचं विंडोज चालतं, पण जुन्या उपकरणांचे इंटेलसाठीचे ड्रायव्हर त्यात बसत नाहीत.

दुसरा घोळ एक्स्टर्नल डिस्कचा. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटमधली डिस्क मॅकला लावली की फाइली दिसतात, उघडतात, पण तिच्यावर काहीच सेव्ह होत नाही. डिस्क बिघडलेली नसते. मॅक एनटीएफएस फक्त वाचतो. डेटा दुसरीकडे कॉपी करून डिस्क एक्सफॅटमध्ये (हा फॉरमॅट विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतो) फॉरमॅट करा. फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं, तेव्हा कॉपी झालेल्या चार-दोन फाइली आधी उघडून बघा. लिनक्स एनटीएफएसवर लिहू शकतं, पण विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्यासाठी विंडोज पूर्ण बंद न होण्याची सेटिंग) चालू असेल तर विंडोजचं ड्राइव्ह तिथेही बहुधा रीड-ओन्ली उघडतं. ते बंद करून विंडोज पूर्ण शटडाउन करा.

लिनक्सचा विचार असेल तर आधी विंडोजवरच लिबरऑफिस (मायक्रोसॉफ्ट ऑफिसला मोफत पर्याय) टाका आणि दोन आठवडे सगळं काम त्यात करा. ते जमलं तर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घेऊन लाइव्ह बूट करा, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवा. हार्डडिस्कला हात न लावता वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासता येतात. झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हेही बघाच. लॅपटॉपवर लिनक्स बरेचदा इथेच दगा देतं. मात्र बायोसमधलं (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमधलं) काही बदलण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टीम सुरू होऊ देणारी बायोसमधली सेटिंग) बंद केलं की पुढच्या वेळी विंडोज ती मागू शकतं, आणि ती कुठेच सापडली नाही तर त्या ड्राइव्हवरचा डेटा कायमचा जाऊ शकतो.