‘काहीही ठरव, आम्ही पाठीशी आहोत’ एवढ्याने मुलाचं भागत का नाही?

प्रश्न : माझा मुलगा 20 वर्षांचा आहे, परदेशात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पास होतो, पण म्हणतो, ‘हे माझं नाही. माझं काय, तेही कळत नाही.’ तू काहीही ठरव, आम्ही पाठीशी आहोत, असं आम्ही त्याला कितीदा सांगितलं. तरी फोनवर तो दिवसेंदिवस गप्प होत चाललाय. त्याच्या वर्गातली तिथली मुलं आपापलं ठरवून मोकळी होतात. आमचं वाढवण्यात काही चुकलं का?
– एक आई

उत्तर : ताई, नमस्कार.

विसाव्या वर्षी ‘माझं काय ते कळत नाही’ असं वाटणं हे वाढवण्यातल्या चुकीचं लक्षण नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी 1966 मध्ये तरुणांच्या ‘मी कोण’ या शोधाच्या चार अवस्था मांडल्या. त्यासाठी त्यांनी दोनच गोष्टी पाहिल्या : पर्याय तपासून पाहिलेत का, आणि त्यातल्या एखाद्याशी स्वतःला बांधून घेतलंय का. काहीही न तपासता घरच्यांनी दाखवलेली वाट धरणारा मुलगा वरून शांत दिसतो. तपासतोय पण अजून ठरलेलं नाही, अशा मुलाची तगमग सर्वांत जास्त असते, आणि तुमचा मुलगा तिथेच असावा. ही तगमग बघवत नाही म्हणून घरचेच घाई करतात. ‘बरं, निदान एमबीए तरी?’ असं विचारलं की मुलगा सुटका म्हणून ‘हो’ म्हणतो. मग तोच प्रश्न काही वर्षांनी परत उभा राहतो, तेव्हा नोकरी आणि कर्जाचे हप्ते गळ्यात असतात.

आता पाठीशी असण्याबद्दल. जेम्स हाउस या समाजशास्त्रज्ञाने 1981 मध्ये आधाराचे चार प्रकार सांगितले. एक मायेचा. दुसरा हातभाराचा, म्हणजे पैसा, वेळ, धावपळ. तिसरा माहितीचा. चौथा पारखीचा : तुला काय जमतं आणि कुठे कमी पडतोस, हे नेमकं सांगणारा. पहिले दोन तुम्ही भरभरून देताय. अडलंय ते तिसऱ्या-चौथ्यापाशी, आणि ते घरातून मिळणं कठीण, कारण तुम्ही ना त्या क्षेत्रात आहात ना त्या देशात. माहिती हाताशी नसलेल्या मुलाला ‘काहीही ठरव’ हे मोकळीक म्हणून नाही, ओझं म्हणून ऐकू येतं.

तो गप्प का, याचं एक कारण संस्कृतीत आहे. हीजंग किम, डेव्हिड शर्मन आणि शेली टेलर या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये यावरचं संशोधन एकत्र मांडलं. आशियाई आणि आशियाई वंशाची अमेरिकन माणसं ताणाच्या वेळी उघडपणे मदत मागायला युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपेक्षा जास्त कचरतात. आपल्यामुळे समोरच्याला त्रास होईल, नात्यावर भार येईल, ही धास्ती त्यामागे असते. त्यांना अडचण न उगाळता आपल्या माणसांत नुसतं असण्याने बरं वाटतं. म्हणजे तिथल्या मुलांसारखं तो मोकळेपणी बोलत नाही, यावरून तो कमकुवत ठरत नाही. तुमच्या डोळ्यांतली काळजी त्याला दिसते आणि ती वाढू नये म्हणून तो तोंड मिटून घेतो.

म्हणून फोनची पद्धत बदला. आठवड्यातून एकच दिवस ठरवा, त्या दिवशी निर्णयाबद्दल बोला, तेही त्याने विषय काढला तर. बाकीच्या दिवशी घरातलं साधं काहीतरी बोला. ‘ठरलं का?’ हा प्रश्न पूर्ण बंद. त्याऐवजी ‘या आठवड्यात कशात वेळ कसा गेला ते कळलंच नाही?’ असं विचारा. मदत करून ती बोलून दाखवू नका. वकिलीच्या परीक्षेला बसलेल्यांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा मानसशास्त्रज्ञ नायल बोल्गर व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2000 साली आला. मदत मिळतेय हे घेणाऱ्याच्या लक्षात येत होतं तेव्हा ती त्याला मनाने महाग पडत होती; नकळत मिळालेली मदत जास्त लागू पडत होती. शाखा बदलली तर किती जादा सत्रं लागतील आणि खर्च कुठून येईल, याचा हिशेब तुम्ही दोघांनी आधीच करून ठेवा. विषय निघाला की आकडा सांगा, त्यागाची गोष्ट नको.

मुलाने करायचं काम वेगळं आहे. एका कागदावर आधाराच्या चार प्रकारांचे रकाने आखून त्यात खऱ्या माणसांची नावं लिहायची. माहिती आणि पारख हे रकाने बहुधा रिकामे निघतील. ते जवळच्या मित्रांनी भरत नाहीत, कारण त्यांना त्याच्याइतकंच माहीत असतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत ओळखीतून नोकरी मिळवलेल्यांना विचारलं, तेव्हा जेमतेम 17 टक्क्यांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार भेट होत होती. सुमारे 56 टक्क्यांची अधूनमधून आणि 28 टक्क्यांची क्वचितच. तेव्हा पुढच्या वर्गातले, प्रयोगशाळेतले सहायक, माजी विद्यार्थी अशा लांबच्या 10 माणसांना लिहायचं. चार ओळींचा संदेश, 20 मिनिटांची मागणी, आणि प्रश्न ठोस : तुमचा कालचा दिवस कसा गेला, कामातलं काय कंटाळवाणं आहे, इथे कोण टिकत नाही? ‘मी काय करू?’ असं विचारलं की समोरचा स्वतःचीच वाट सुचवतो. दहातल्या निम्म्यांनी उत्तर दिलं नाही तरी ते मनाला लावून घ्यायचं नाही.

बोलण्यातून जे आवडेल ते सहा-आठ आठवडे छोट्या कामातून करून पाहायचं. एखादा ऐच्छिक विषय, एखादा प्रकल्प. विषय सोडण्याआधी मात्र सल्लागार प्राध्यापकांना आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला लेखी विचारावं. अनेक देशांत विद्यार्थी व्हिसासाठी किमान अभ्यासभार लागतो आणि विषय बदलण्याची मुदत सत्राच्या सुरुवातीलाच संपते.

मित्र आपल्याच भाषेतले की तिथलेच, हा वाद घालू नका. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांच्या स्थलांतरितांवरच्या कामात दोन्हींशी नातं ठेवणारे सहसा जास्त सावरलेले दिसतात, आणि दोन्हींपासून तुटलेल्यांचे हाल सर्वांत जास्त होतात.

ही तगमग आणि आजार यांतली रेषा ओळखून ठेवा. दोन आठवडे झोप किंवा जेवण बिघडलं, वर्गाला जाणं थांबलं, आवडत्या गोष्टीतही मन लागेना, तर करिअरचं बोलणं बाजूला ठेवून विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राची वेळ त्याला आजच घ्यायला सांगा. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं एक वाक्य जरी आलं, तर ‘आत्महत्येचा विचार येतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर ‘हो’ असेल तर फोन चालू ठेवूनच दुसऱ्या फोनवरून वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांना किंवा तिथल्या आपत्कालीन सेवेला कळवा. ते दोन्ही क्रमांक आजच त्याच्याकडून लिहून घ्या.