डिझेल गाडीचा काजळी सेन्सर नीट चालतोय का, हे कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की सायलेन्सरमधला काजळीचा सेन्सर बदलून महिना झाला नाही तोच चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागला, गॅरेजवाले आता आणखी एक सेन्सर टाकायला सांगतात, आणि सेन्सर खरंच खराब आहे का हे तुम्हाला कळत नाही.

दुसरा सेन्सर आत्ता टाकू नका. गाडी पूर्ण गार असताना सायलेन्सरच्या मागच्या तोंडात पांढरं फडकं घालून फिरवा. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा सिरॅमिकचा फिल्टर, शाबूत असेल तर तो पाइप आतून जवळजवळ कोरा राहतो, गाडी कितीही पळालेली असो. फडक्यावर काळी भुकटी आली तर सेन्सर खरं बोलतोय आणि गेलाय तो डीपीएफ.

मी नाशिकला द्वारका भागात डिझेल गाड्यांच्या वायरिंगचं आणि स्कॅनिंगचं काम करतो. 'सेन्सर बोगस निघाला' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, आणि त्याला कारण आमच्या घरातच घडलंय.

दाजींची पिकअप आहे, एप्रिल २०२३ ला बीएस-६ या प्रदूषण नियमांचा दुसरा टप्पा आला त्यानंतरची. द्राक्षाच्या हंगामात पिंपळगाव, दिंडोरीकडे माल भरायचा आणि कसारा घाट उतरून वाशीला टाकायचा, हा धंदा. एका हंगामात दिवा लागला. स्कॅनरवर बिघाडाचा कोड होता पी२००२. त्याचा अर्थ एवढाच की डीपीएफ काजळी पुरेशी अडवत नाही. सेन्सरच्या सर्किटचे कोड वेगळे असतात, पी२४एई आणि त्याच्या आसपासचे. त्यातला एकही कोड नव्हता. तरी गॅरेजने सेन्सर बदलला, कोड उडवला, दिवा विझला, बिल झालं. काही दिवसांनी दिवा परत. तो येणारच होता, कारण कोड उडवला की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, डीपीएफची चाचणी पहिल्यापासून करतं, आणि सायलेन्सर पुरेसा तापून गाडी बराच वेळ एका लयीत चालल्याशिवाय ती चाचणी पुरी होत नाही. या मधल्या काळात सगळ्यांना वाटतं काम झालं.

मग त्याच गॅरेजने सांगितलं, डीपीएफ कापून टाकू, सॉफ्टवेअर मारू, दिवा कायमचा बंद. दाजी तयारही झाले होते. ताईचा फोन आला म्हणून मी आडगावला गेलो.

दाजी म्हणाले, "पीयूसी पास आहे गाडी. धूर तरी दिसतो का तुला?"

हा मुद्दा पुष्कळ लोक काढतात. पीयूसीला डिझेल गाडीचं ॲक्सिलरेटर दाबून धूर किती दाट आहे ते बघतात. डीपीएफला तडा गेल्यावर जी बारीक काजळी निसटते ती त्या यंत्राला फारशी कळत नाही. डिझेल मोटारीला बीएस-४ मध्ये किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती, बीएस-६ मध्ये ती ४.५ वर आली. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर हा सेन्सर बसवला.

आता सेन्सर चालतो कसा ते कळल्याशिवाय तपासणीला अर्थ नाही. डीपीएफच्या पुढे, धूर बाहेर जायच्या बाजूला, भोकं पाडलेली पोलादी टोपी असते. तिच्या आत सिरॅमिकची छोटी पट्टी, आणि पट्टीवर दोन कंगवे एकमेकांत दात घालून बसवावेत तशा धातूच्या रेघा. रेघांमध्ये वीज जाऊ शकत नाही. काजळी बसत गेली की कणांचे पूल तयार होतात आणि करंट वाहायला लागतो. ठरलेल्या मर्यादेला पोचला की मागचा हीटर पट्टी सहाशे अंशांच्या वर तापवून काजळी जाळतो, करंट शून्यावर येतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. पट्टी भरायला किती वेळ लागला, यावरून ईसीएम ठरवतं डीपीएफ चांगला की फुटका. म्हणजे स्कॅनरवर एका क्षणाचा आकडा बघून 'सेन्सर चुकतोय' म्हणणाऱ्याला हे काम येत नाही.

थंडीतली सकाळ होती. गाडी चालू केली, स्कॅनर लावला, सेन्सर 'तयार नाही' दाखवत होता. दाजींनी लगेच बोट ठेवलं, "हे बघ, बंदच आहे." तो बंद नव्हता. गार सायलेन्सरमध्ये पाणी धरतं. तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला तर ते तडकतं, म्हणून पाइप सुकेपर्यंत ईसीएम हीटरला जोर देतच नाही. मी त्यांना गाडी काढायला लावली. आडगावहून आग्रा रोडने ओझरच्या दिशेने, एका वेगात, मी बाजूला स्क्रीन धरून. हीटरचं तापमान चढलं, करंट शून्यावर आला, हीटर थांबला. थोड्या वेळाने करंट सरळ चढत गेला, मर्यादेला पोचला, हीटर पुन्हा लागला, पुन्हा शून्य. ओझर येईस्तोवर हे चक्र परत परत फिरलं. चांगल्या डीपीएफच्या मागे एवढ्या अंतरात पट्टी भरायलाच नको होती. नवा सेन्सर चोख चालत होता आणि डीपीएफ फुटलाय असं ओरडून सांगत होता.

डीपीएफ उतरवला तर मागच्या तोंडाला एका बाजूची भोकं काळी आणि मधोमध तडा, नखाला लागेल एवढा. कारणही निघालं. बाजार समितीच्या रांगेत गाडी तासन्‌तास सरकायची, रिजन, म्हणजे डीपीएफमधली साठलेली काजळी जाळायचं काम, सुरू झालं की मध्येच चावी बंद. काजळी प्रमाणाबाहेर साठली. अशी साठलेली काजळी पेटल्यावर गाडी एकदम आयडलला आली तर धुराचा प्रवाह कमी होतो, उष्णता वाहून जात नाही, आणि सिरॅमिक आतून फुटतं.

नवा डीपीएफ बसवला. गॅरेजने काढून दिलेला जुना सेन्सर मी मागून घेतला होता, त्याच्या कंट्रोल बॉक्ससकट. सेन्सर आणि बॉक्स जोडीनेच येतात, वायर कापून वेगळे करायचे नसतात. तोच 'बोगस' सेन्सर परत बसवला, ईसीएममध्ये बदलल्याची नोंद केली आणि गाडी वाशीच्या फेऱ्यांना लावली. दिवा आजपर्यंत आलेला नाही. आणि तरीही घरातल्या प्रत्येक कार्यात दाजी चार लोकांत सांगतात की सेन्सरच खराब होता, मेहुण्याने उगाच डीपीएफचा खर्च करवला. दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर गाडीत आज जो सेन्सर आहे तो तुमचा पहिलाच आहे.

सेन्सर खरोखर जातो तेव्हा काय दिसतं? जाळून झाल्यावरही करंट खाली येत नसेल तर रेघांवर राख बसलेली असते किंवा कपलरमध्ये पाणी गेलेलं असतं. तापमान चढतच नसेल तर आधी फ्यूज आणि हीटरची वायर बघा. रीडिंग उड्या मारत असेल तर वायरिंग, आणि आपल्याकडे शेताच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ते बहुतेक वेळा उंदराने कुरतडलेलं असतं. सगळ्यात अवघड म्हणजे रीडिंग कायम शून्य, कारण मेलेला सेन्सर आणि ठणठणीत डीपीएफ दोन्ही सारखेच दिसतात. काही सेन्सरमध्ये पट्टी तापलेली असताना सिरॅमिकमधून जो किंचित करंट जातो त्यावरून ईसीएम रेघा शाबूत आहेत का ते तपासतं. फडकं स्वच्छ निघालं आणि सर्किटचा कोडही नाही, तर शून्याला घाबरू नका.

काही जण सेन्सर काढून तेलाच्या दिव्यावर धरतात आणि मीटर लावतात. त्यातून हीटरबद्दल आणि बॉक्सबद्दल काहीच कळत नाही, त्या भानगडीत पडू नका. तारेच्या ब्रशने किंवा पेट्रोलने टोक साफ करणं तर अजिबात नको, आणि हातातून पडलेला सेन्सर परत बसवू नका.

डीपीएफ कापायचा सल्ला मिळाला तर ते गॅरेज सोडा. डिझेलचा धूर माणसाला कॅन्सर करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलंय. आडगाव नाक्यावर दिवसभर उभी राहणारी हमाल मंडळी आणि शाळेच्या रिक्षातली पोरं तोच धूर घेतात. वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असा फेरफार चालत नाही. सेन्सर पाइपातून काढून बाहेर लटकवला तरी बऱ्याच गाड्यांत ईसीएमला कळतं, कारण धुराचा प्रवाह त्याला गार करत नाही.

हे राहिलं, तुमची गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीही स्वतः करू नका, तपासणीचा कागद लेखी मागा. बीएस-४ गाडीत हा सेन्सर नसतो, आणि बीएस-६ पहिल्या टप्प्यातल्या बऱ्याच गाड्यांत फक्त डीपीएफच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणारा सेन्सर असतो, त्याची तपासणी वेगळी. स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरवर हीटरचं तापमान आणि करंट बहुतेक दिसत नाहीत, त्यासाठी कंपनीचा किंवा चांगल्या प्रतीचा स्कॅनर लागतो. गाडीचं मॉडेल, साल आणि कोडचा पूर्ण नंबर खाली लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.