तुमचे प्रश्न : घरची व्हॅन संस्थेला देताना

वडिलांची २०१२ ची सात आसनी ईको घणसोलीतल्या वृद्धाश्रमाला द्यायची आहे. वडील गेल्या वर्षी वारले, आरसी अजून त्यांच्याच नावावर आहे. संस्था म्हणते, किल्ली द्या, बाकीचं आम्ही बघून घेऊ. चालेल का? – एक वाचक, ऐरोली

नाही. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याच्या लेखी मालक. गाडी प्रत्यक्षात दुसऱ्याकडे असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सांगितलं आहे. तुमच्या बाबतीत तो मालक हयात नाही, म्हणजे ताप वारसांना.

आधी गाडी एका वारसाच्या नावावर घ्या. त्यासाठी आरटीओचा नमुना ३१ (हस्तांतराचा अर्ज), मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. नवी आरसी हातात आली की वारस ते संस्था असं हस्तांतर करायचं: नमुना २९ च्या दोन प्रती आणि नमुना ३०, सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, चासिस नंबरची पेन्सिल प्रिंट (गाडीवर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घेतलेला ठसा), आणि संस्थेकडून नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, पत्त्याचा पुरावा व गाडी स्वीकारल्याचा विश्वस्तांचा ठराव. ठरावात सही कोण करणार त्याचं नाव हवं. ते नसलं की पुन्हा एक फेरी. दोन्ही पत्ते वाशी आरटीओच्या हद्दीत असल्यामुळे दुसऱ्या कार्यालयाच्या एनओसीचा प्रश्न येत नाही. राज्यातल्या राज्यात देणाऱ्याने आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं.

काम अडतं ते बहुधा तीन ठिकाणी. कर्ज फिटलेलं असतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो. तो नमुना ३५ आणि बँकेच्या एनओसीने आधी उतरवा, एनओसी जुनी झाली असेल तर नवी मागा. दुसरं, थकलेली ई-चलनं. तिसरं, एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला ती नसेल तर आधी बसवून घ्या.

किल्ली देताना साध्या कागदावर दानपत्र करा. त्यात तारीख, *वेळ* आणि मीटरचं रीडिंग लिहून दोघांनी सह्या करायच्या. संध्याकाळी सहाला गाडी दिली आणि साडेसातला सिग्नल तुटला, तर तो दंड कोणाचा हे त्या वेळेवरून ठरतं. फास्टॅग बंद करून शिल्लक परत मागा. विमा कंपनीकडे संस्थेने १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. थर्ड पार्टी संरक्षण (दुसऱ्याच्या नुकसानीचं) गाडीबरोबर जातं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण पॉलिसीवर नाव बदलल्याशिवाय मिळत नाही. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र मालकाचा असतो, गाडीचा नव्हे.

आणखी एक, २०१२ ची गाडी २०२७ मध्ये १५ वर्षांची होते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. हा खर्च संस्थेला आजच सांगा.

गाडी दान केली तर तिच्या किमतीवर आयकरात ८०जी ची (देणगीवरची) वजावट मिळेल ना? – घोडबंदर रोड, ठाणे

मिळणार नाही. ही वजावट पैशाच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. संस्थेने दोन लाखांची पावती लिहून दिली तरी तिचा उपयोग शून्य. वजावट हवीच असेल तर गाडी विका आणि रक्कम धनादेशाने किंवा ऑनलाइन द्या. रोखीने २,००० रुपयांपर्यंतचीच देणगी धरली जाते. हा लाभ जुन्या करप्रणालीतच आहे, आणि संस्थेकडून देणगीचं १०बीई प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका. घरगुती वापराची गाडी भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. आमच्या मते बऱ्याच संस्थांना जुन्या व्हॅनपेक्षा ही रक्कमच जास्त उपयोगी पडते.

व्हॅन दोन वर्षं सोसायटीत उभी आहे. तशीच द्यावी का? – खारघर

तशीच दिली तर संस्थेच्या गळ्यात गॅरेजचं बिल पडेल. उभ्या गाडीची बॅटरी बसते, ब्रेक गंजून चिकटतात, टायर एका जागी चपटे होतात आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी शिल्लक असली तरी, बदलायचाच. खाडीची हवा असल्याने मॅट उचलून फरशी आणि सरकत्या दाराची खालची पट्टी टोकरून बघा. तिथे पत्रा भुसभुशीत लागला तर दार कधीतरी रुळावरून उतरणार, आणि त्यातून चढउतार करणारे आजी-आजोबा असणार. सीएनजी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते. सिलिंडरच्या प्लेटवरची तारीख पाहा आणि सीएनजीची नोंद आरसीवर आहे का तेही.

दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला तर दान विसरा. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी द्या, गाडी जमा केल्याचं डिपॉझिट प्रमाणपत्र घ्या, आरसी रद्द करून घ्या आणि आलेले पैसे संस्थेला द्या. नाक्यावरच्या भंगारवाल्याला दिलीत तर पत्रा जातो, पण तुमच्या नावावरचा नंबर जिवंतच राहतो.

आमच्या ईकोची संस्था रुग्णवाहिका करणार म्हणते. – कळवा

आतल्या सीट काढून स्ट्रेचर टाकला की रुग्णवाहिका होत नाही. रुग्णवाहिकेला एआयएस-१२५ हे मानक आहे, आणि आरटीओच्या मंजुरीशिवाय गाडीत असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला धरून नाही. डायलिसिसच्या रुग्णांना बसवून विनामूल्य ने-आण करायची तर पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची व्हॅन आहे तशी चालते. भाडं घेतलं, अगदी "डिझेलपुरतं" म्हणून घेतलं, की परवान्याचा आणि विम्याचा प्रश्न उभा राहतो. हे संस्थेच्या चालकालाही सांगून ठेवा.