आयर्लंडच्या रग्बी संघामागे विश्वचषकाला जाणं कितपत शहाणपणाचं आहे?

प्रश्न विचारणारे नाशिकहून डब्लिनला नोकरीसाठी आले आहेत. ऑफिसातली मंडळी 2027 च्या रग्बी विश्वचषकासाठी आयर्लंडच्या मागे ऑस्ट्रेलियाला निघायचे बेत करतायत. यांना क्रिकेटपलीकडे फारसं काही कळत नाही. एवढा खर्च करून त्यांच्याबरोबर जावं का, आणि जायचंच तर आधी काय बघून ठेवावं, असं त्यांनी विचारलंय.

मी 2023 ला आयर्लंडच्या मागे फ्रान्सला गेले होते, म्हणून लिहितेय. जरूर जा, पण गटसाखळीला जा. उपांत्यपूर्व फेरीच्या पुढचं एकही तिकीट आत्ता घेऊ नका, मग ऑफिसातले कितीही छातीठोकपणे सांगोत की यंदा कप आपलाच.

हे मी कुजकेपणाने म्हणत नाही. पहिला विश्वचषक 1987 ला झाला. तेव्हापासून आयर्लंड आठ वेळा उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि आठही वेळा तिथेच हरला. 2007 ला तर गटातूनच घरी आला. 1999 ला उपांत्यपूर्व फेरीच्या आधी एक जास्तीची पात्रता लढत होती, त्यात अर्जेंटिनाने हरवलं. म्हणजे हा देश उपांत्य सामना आजवर खेळलेलाच नाही. आणि तरीही दर चार वर्षांनी अर्धं डब्लिन उपांत्य सामन्याच्या तारखा धरून रजा टाकतं!

2023 ला तर त्यांचं तसं चुकलंही नव्हतं. संघ वर्षभराहून जास्त काळ जागतिक क्रमवारीत पहिला होता. मार्चमध्ये सिक्स नेशन्सचे, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या दरवर्षीच्या स्पर्धेचे, पाचही सामने जिंकून ग्रँड स्लॅम मारला होता. कर्णधार जॉनी सेक्स्टन 38 वर्षांचा, ही त्याची शेवटची स्पर्धा. नाट कुठे होती तर गटवारीत. गट पाडले 2020 च्या डिसेंबरमध्ये, आणि तेही त्या वर्षीच्या 1 जानेवारीच्या क्रमवारीवरून, कारण कोविडमुळे मधले सामने धड झालेच नव्हते. परिणाम असा की स्पर्धा सुरू झाली तेव्हाचे पहिले पाचही संघ, म्हणजे आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, फ्रान्स, न्यूझीलंड आणि स्कॉटलंड, ड्रॉच्या, म्हणजे बाद फेरीच्या तक्त्याच्या, एकाच बाजूला येऊन पडले. दुसऱ्या बाजूचे संघ त्या मानाने निवांत होते. यावर पबमध्ये मी जेवढी बडबड ऐकली आहे तेवढी ब्रेक्झिटवरही ऐकलेली नाही.

आता सगळ्यात आधी व्हिसा, कारण आयरिश सहकाऱ्यांना हा विषय सुचतच नाही. ते संध्याकाळी ठरवतात आणि सकाळच्या विमानात असतात. किंवा रॉसलेअरहून शेरबुर्गची बोट धरतात, गाडीसकट. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. आपल्याला भारतीय पासपोर्टवर डब्लिनमधून फ्रान्सला जायलाही शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि त्या दिवशीच करायला बसावं, कारण अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी पात्रता फेरी. त्यात मल्टिपल एन्ट्री मागायला विसरू नका. संघाचे सामने आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने असतात, मधे सगळे कामावर परततात, आणि सिंगल एन्ट्रीवाला माणूस एका सामन्यानंतर डब्लिनलाच अडकतो. ऑस्ट्रेलियासाठीही तेच ध्यानात ठेवा. आयरिश पासपोर्टवाल्यांचं काम ऑनलाइन चुटकीसरशी होतं, आपल्याला रीतसर व्हिजिटर व्हिसाचा अर्ज भरावा लागतो, बँकेची स्टेटमेंटं जोडून.

आता 2023 चं. पहिला सामना बोर्दोला, 9 सप्टेंबरला, समोर रोमेनिया. भर दुपारची वेळ, उकाडा पस्तिशीच्या आसपास. आपल्याला त्याचं काही नाही, पण आयरिश लोक त्या उन्हात अक्षरशः टोमॅटोसारखे लाल झाले होते. पाण्याच्या रांगा एवढ्या लांब की त्यात उभं राहिल्यावर ट्राय चुकायचे, आणि ट्राय होते बारा. 82-8. सामना म्हणून काही दम नव्हता. पण नवख्या माणसाने पहिल्यांदा असाच सामना बघावा. पास मागेच द्यायचा, बॉल घेऊन पुढे पळायचं, रेषेपलीकडे जमिनीवर टेकवला की तो ट्राय, पाच गुण, मग खांबांमधून किक मारली की आणखी दोन. बारा वेळा डोळ्यांसमोर झालं की न शिकवता कळतं. नॉन्तला टोंगाविरुद्धही असंच सोपं गेलं, फक्त तिथे सेक्स्टनने रोनन ओगाराचा आयर्लंडसाठी सर्वाधिक गुणांचा विक्रम मोडला, म्हणून जल्लोष मोठा झाला.

खरी गंमत 23 सप्टेंबरला पॅरिसमध्ये, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. स्टाद द फ्रान्स हे सँ-दनीला, पॅरिसच्या उत्तरेला. तिकडे जाणाऱ्या लोकलच्या डब्यात गर्दी अशी की दादर आठवलं, आणि सगळी हिरवी. गोंधळ एवढाच की दोन्ही संघांचे कपडे हिरवे! रग्बीत पाठीराख्यांना वेगळं बसवत नाहीत. माझ्या डावीकडे लिमरिकचं कुटुंब आणि उजवीकडे प्रिटोरियाहून आलेले एक काका. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत मला त्यांच्या संघाचं गणित समजावून सांगितलं. राखीव आठ खेळाडूंपैकी सात धिप्पाड फॉरवर्ड आणि मागच्या फळीतला फक्त एक, म्हणजे उत्तरार्धात ताज्या दमाचा आख्खा मोर्चा आयर्लंडवर सोडायचा. बेत उत्तम होता. पण त्यांच्या किक चुकत गेल्या आणि 11 गुण तिथेच सांडले. आयर्लंड 13-8 ने जिंकला. काका शेवटी म्हणाले, आमचा किकर आम्ही घरी विसरून आलो. तो किकर म्हणजे हँड्रे पोलार्ड, दुखापतीमुळे सुरुवातीला संघात नव्हता, पुढच्याच सामन्यात तो आला. आणि तोच संघ महिनाभराने न्यूझीलंडला 12-11 ने हरवून विश्वविजेता झाला. त्या स्पर्धेत विश्वविजेत्यांना हरवणारा संघ आमचाच, हे वाक्य तुमच्या ऑफिसात तुम्ही आजवर ऐकलं नसेल तर आश्चर्य आहे.

त्या रात्री गाण्यांनी कान किटले. संघ एक आहे, पण देश दोन, हे तुम्हाला माहीत असेलच. प्रजासत्ताक आणि ब्रिटनच्या ताब्यातला उत्तर भाग यांचा मिळून एकच रग्बी संघ आहे. लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर, कॉनॉक्ट हे चारही प्रांत त्यात येतात. म्हणून परदेशात प्रजासत्ताकाचं राष्ट्रगीत वाजत नाही, 1995 पासून खास रग्बीसाठी बनवून घेतलेलं गीत वाजतं. सामना संपल्यावर मात्र स्टेडियमवर लिमरिकच्या एका बँडचं नव्वदच्या दशकातलं गाणं लावलं आणि हजारो लोक ते गायले. ते गाणं इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला 1993 ला आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेने केलेल्या बॉम्बस्फोटात मेलेल्या मुलांवरचं आहे. ते रग्बीच्या जल्लोषात म्हणावं की नाही यावर पुढचा आठवडाभर वर्तमानपत्रांत वाद पेटला होता. ऑफिसात मत देऊ नका, ऐकून घ्या.

7 ऑक्टोबरला स्कॉटलंडला 36-14 ने उडवलं आणि गाठ पडली न्यूझीलंडशी. त्याचं तिकीट मी स्पर्धेच्या अधिकृत पुनर्विक्रीच्या साइटवरून घेतलं, सामन्याच्या आठवड्यातच, छापील किमतीला. साइट दिवसभर उघडी ठेवावी लागते, पण मिळतं. बाहेरच्या दलालांकडून मोबाइल तिकिटं घेण्याच्या भानगडीत पडू नका.

14 ऑक्टोबरच्या त्या सामन्याची शेवटची काही मिनिटं सांगते, कारण रग्बी का बघायचं याचं माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. स्कोअर 28-24, न्यूझीलंड पुढे. आयर्लंडला चार गुण कमी, म्हणजे तीन गुणांची पेनल्टी किक उपयोगाची नव्हती, ट्रायच हवा. थोड्याच वेळापूर्वी रोनन केलहर रेषेपार गेलाही होता, पण जॉर्डी बॅरेट त्याच्या खाली शिरला आणि बॉल जमिनीला टेकूच दिला नाही. मग पुन्हा बॉल मिळाला. रग्बीत बॉलवाल्याला पाडलं की त्याने बॉल सोडायचा असतो. त्याचे साथीदार वरून झुंबड करून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलतात, बॉल मागून बाहेर काढतात, पुढचा गडी घेऊन घुसतो, पुन्हा पडतो. अशा एका आवर्तनाला फेज म्हणतात. एरवी पाच-सात फेज झाल्या की कुणीतरी चुकतं. त्या रात्री सलग 37 झाल्या.

वेळ संपला होता, पण बॉल खेळात असेपर्यंत सामना संपत नाही. दर फेजला आयरिश लोक "हीव्ह", म्हणजे लोटा, म्हणून ओरडत होते. विसाव्याच्या आसपास ओरडण्यातला आनंद गेला आणि नुसता घसा उरला. संघ पुढे सरकत होता, मीटर-मीटरने. न्यूझीलंडचे चौदा-पंधरा लोक रांगेत, टॅकल करायचे, उठायचे, परत रांगेत. एकाचाही हात नको तिथे गेला नाही, कुणी ऑफसाइड सापडलं नाही. मग 37 व्या फेजला राखीवमधून आलेला सॅम व्हाइटलॉक पडलेल्या खेळाडूवर वाकला. स्वतःच्या पायांवर उभा राहून त्याने दोन्ही हात बॉलवर ठेवले. पाडलेल्या खेळाडूला तेव्हा बॉल सोडता आला नाही, तर पेनल्टी. पंच वेन बार्न्स यांची शिट्टी वाजली आणि सेक्स्टनची कारकीर्द त्या शिट्टीवर संपली. शेजारचे न्यूझीलंडवाले नाचलेसुद्धा नाहीत. एक बाई मला सॉरी म्हणाल्या, जणू त्यांनीच बॉल धरला होता.

दुसऱ्या दिवशी फ्रान्सही एका गुणाने हरला, 29-28. पुनर्विक्रीच्या साइटवर उपांत्य सामन्याची तिकिटं धो-धो पडायला लागली. ज्यांनी दोन वर्षं आधी पॅकेज घेतलं होतं ते हॉटेलचं बुकिंगही विकत होते. माझ्या सल्ल्याचं मूळ तिथे आहे. संघ हरला तर ढीगभर तिकिटं बाजारात येतात, आणि जिंकला तर हरलेल्या दुसऱ्या देशाची येतात.

2027 चं गणित जरा वेगळं आहे. संघ वीसऐवजी 24, सहा गट, आणि उपांत्यपूर्व फेरीच्या आधी सोळा संघांची एक जास्तीची बाद फेरी. स्पर्धा 1 ऑक्टोबर ते 13 नोव्हेंबर. आयर्लंडच्या गटात स्कॉटलंड, उरुग्वे आणि पोर्तुगाल. स्कॉटलंड सलग तिसऱ्यांदा! प्रत्येकी तीनच सामने असल्याने गटसाखळी एका लांब रजेत बसते, हा फायदा. तोटा म्हणजे अंतरं. बोर्दोहून पॅरिसला ट्रेनने दोन तास लागतात. इथे पर्थ एका टोकाला, टाउन्सव्हिल दुसऱ्या टोकाला, मधे देशांतर्गत विमानं. तेव्हा सामने कुठल्या शहरांत आहेत ते नकाशावर मांडून मगच रजेचा अर्ज टाका, आणि एका शहरात मुक्काम ठेवून जमतील तेवढेच बघा. स्कॉटलंडचा सामना मात्र सोडू नका. (इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या कलकत्ता कपसाठी भांडतात तो कलकत्त्याच्या क्लबने बंद पडताना चांदीचे रुपये वितळवून करवून घेतलेला आहे. गप्पा सुरू करायला हे पुरतं, स्कॉटिश माणूस लगेच बियर आणून देतो.)

शाकाहारी असाल तर स्टेडियमच्या भरवशावर राहू नका. फ्रान्समध्ये मला फ्राइजवरच भागवावं लागलं. ऑस्ट्रेलियात आपली माणसं आणि आपलं जेवण दोन्ही भरपूर, पण कस्टम्सवाले खाण्याच्या बाबतीत फार कडक आहेत. चिवडा-लाडू फॉर्मवर लिहून जाहीर करा, लपवलेत तर जबर दंड आहे.

आणि एवढ्या लांब जाण्याआधी इथेच एकदा बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्सचे घरचे सामने लॅन्सडाउन रोडला अवीवा स्टेडियमवर असतात. त्यांची तिकिटं आयरिश रग्बी संघटना मुख्यतः स्थानिक क्लबांमार्फत वाटते, त्यामुळे ऑनलाइन शोधत बसण्यापेक्षा ऑफिसात कोण कुठल्या क्लबचा सभासद आहे ते विचारा. तेही जमलं नाही तर लेन्स्टरचा एखादा साधा लीग सामना बघा, तिकीट सहज मिळतं. किकर बॉल लावून उभा राहिला की बोलणं थांबवा, समोरच्या संघाचा असला तरी. तेवढं एक पथ्य पाळलंत तर ऑफिसातली मंडळी तुम्हाला ऑस्ट्रेलियाला न्यायला स्वतःहून मागे लागतील.